शब्दचर्चा : ‘सर्किट कोर्ट’ म्हणजे फिरते न्यायालय का?

प्रश्नकर्ता
ऑलिव्हर एल्सवर्थ (१७४५–१८०७) यांचा छोटा परिचय मराठीत लिहायचा आहे. कनेटिकटमधले वकील, तिथल्या सुपिरिअर कोर्टाचे न्यायाधीश, १७८९ पासून सिनेटर आणि १७९६ मध्ये अमेरिकेचे तिसरे सरन्यायाधीश. अडलेले शब्द असे : ‘ॲडमिटेड टू द बार’, ‘स्टेट्स अटर्नी’, ‘सर्किट कोर्ट’, ‘रिट ऑफ एरर’, ‘मँडॅमस’. सर्किट कोर्टाला तूर्त ‘फिरते न्यायालय’ लिहिले आहे.

कोर्टकचेरी
पहिल्याला तयार शब्द आहे : सनद, म्हणजे वकिलीचा परवाना. ‘१७७१ मध्ये सनद मिळाली’ एवढे पुरे. मात्र ‘कायद्याची पदवी घेतली’ लिहू नका. त्यांची १७६६ ची पदवी आजच्या प्रिन्स्टनची, पण ती कायद्याची नव्हे. त्या काळी मुरलेल्या वकिलाच्या हाताखाली राहून कायदा शिकत.

‘स्टेट्स अटर्नी’ म्हणजे सरळ सरकारी वकील. १७७७ मध्ये हार्टफर्ड काउंटीपुरते ते पद त्यांच्याकडे आले. ‘मुखत्यार’ म्हटले की कुलमुखत्यारपत्र आठवते. ‘महाधिवक्ता’ तर साफ चूक, कारण ते अख्ख्या राज्याचे पद.

जुना कोश
‘फिरते न्यायालय’ वाचून गाडीतून येणारी लोकअदालत डोळ्यांसमोर येते. ‘सर्किट’ तसाच ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाचे बेंच मिळावे या कोल्हापूरच्या मागणीमुळे ‘सर्किट बेंच’ मराठी वाचकांच्या कानाला सरावलेला आहे. तरी फरक सांगायलाच हवा : कोल्हापूरचे बेंच (ऑगस्ट २०२५ पासून) एका गावी बसते, अमेरिकेत न्यायमूर्तीच गावोगाव जात.

अमेरिकेच्या १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने न्यायदानासाठी १३ जिल्हे पाडले. त्यांतले मेन आणि केंटकी सोडून बाकीचे पूर्व, मध्य आणि दक्षिण अशा तीन सर्किटांत वाटले. सर्वोच्च न्यायालयात एकूण सहा जण. प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून दोनदा सर्किट कोर्ट भरे. दोन न्यायमूर्ती आणि स्थानिक जिल्हा न्यायाधीश मिळून ते चालवत. दक्षिणेचा रस्ता इतका लांब आणि वाईट की तक्रारी झाल्या, आणि १७९३ मध्ये एकाच न्यायमूर्तीवर भागवायचे ठरले. या प्रवासाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘फिरती’. ‘न्यायमूर्ती फिरतीवर असत’ लिहा. ‘सर्किटची सवारी’ लिहिलेत तर लोक हसतील.

कोर्टकचेरी
आणखी एक खड्डा. आजची अमेरिकी सर्किट कोर्टे अपिले ऐकतात, म्हणून अनुवादक १७९६ लाही ‘अपील न्यायालय’ लिहून मोकळे होतात. ती अपील न्यायालये १८९१ ची. एल्सवर्थ यांच्या काळी सर्किट कोर्टात ज्यूरीसमोर मूळ खटले चालत : गंभीर संघीय गुन्हे, आणि वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिकांमधले ५०० डॉलरवरचे दावे. थोडी अपिले येत, पण तेवढ्यावरून नाव देऊ नये.

प्रश्नकर्ता
मग ‘रिट ऑफ एरर’ला ‘अपील’ म्हणू?

जुना कोश
नुसते अपील नको. त्यात वरचे कोर्ट खालच्या कोर्टाच्या कागदपत्रांत कायद्याची चूक झाली का एवढेच बघे; १७८९ च्या कायद्याचे कलम २२ सांगते की वस्तुस्थितीच्या चुकीसाठी निकाल फिरवायचा नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खालचे दुसरे अपील याच्या जवळचे. ‘कायद्याच्या चुकीपुरते अपील’ असे उलगडून लिहा. ‘पुनर्विलोकन’ नको, त्यात तेच कोर्ट स्वतःचा निकाल पुन्हा पाहते.

मँडॅमस (अधिकाऱ्याला त्याचे कर्तव्य करायला लावणारा कोर्टाचा आदेश) : भारतीय संविधानाच्या मराठी पाठात ‘महादेश’, हिंदीत ‘परमादेश’. स्पर्धा परीक्षेच्या मराठी पुस्तकांतही हिंदी शब्द शिरला आहे. मराठीत महादेशच. परिचयात हा शब्द येणारच, कारण १७८९ च्याच कायद्याच्या कलम १३ मधला महादेशाचा अधिकार एल्सवर्थ यांच्यानंतरचे सरन्यायाधीश मार्शल यांच्या कोर्टाने १८०३ मध्ये, मार्बरी विरुद्ध मॅडिसनमध्ये, घटनाबाह्य ठरवला. आणि कायदा रचण्यात एल्सवर्थ यांचाच वाटा मोठा.

शुद्धलेखन
‘सिनेट सदस्य’ टाळा, विद्यापीठाची निवडणूक वाटते. ‘सिनेटर’ रूढ आहे. ‘जनतेने निवडून दिले’ही लिहू नका : १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत, आपल्या राज्यसभेच्या चालीवर.

प्रश्नकर्ता
दुरुस्त वाक्य : ‘सिनेटर म्हणून ज्या कायद्याला त्यांनी आकार दिला, त्याच कायद्याने लावलेल्या सर्किटच्या फिरतीवर सरन्यायाधीश झाल्यावर त्यांना स्वतःला जावे लागले. १८०० मध्ये ते निवृत्त झाले.’

कोर्टकचेरी
पहिले वाक्य ठेवा. दुसऱ्यात ‘राजीनामा दिला’ करा. ते तेव्हा वाटाघाटींसाठी फ्रान्समध्ये होते, प्रकृती ढासळली होती, आणि राजीनामा तिथूनच पाठवला.