मदत हवी आहे : इंग्लंडमध्ये स्टोमाच्या पिशव्या देणाऱ्या फार्मसी आणि पुरवठादार यांच्यावर कोणती बंधने असतात?

नमस्कार. माझी मोठी बहीण लेस्टरमध्ये राहते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे तिचे मोठे आतडे काढून टाकावे लागले आणि आता तिला इलिओस्टोमी आहे, म्हणजे लहान आतड्याचे टोक पोटावर बाहेर काढलेले असून त्यावर सतत पिशवी लावावी लागते. तिच्या संमतीनेच हे लिहीत आहे. रुग्णालयातून घरी सोडताना एका पुरवठादार कंपनीकडे तिचे नाव नोंदवून देण्यात आले आणि तेव्हापासून पिशव्या, चिकटा सोडवण्याचा फवारा, त्वचेच्या संरक्षणाचे वाइप्स असे सगळे सामान त्याच कंपनीकडून घरपोच येते.

पहिली अडचण पिशवीच्या छिद्राची आहे. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेले आतड्याचे तोंड, सुजलेला असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो आकसतो. त्यामुळे पिशवीच्या चिकट चकतीतले छिद्रही मापाप्रमाणे लहान कापून घ्यावे लागते. ताईने गोल भोकांचे मापकार्ड लावून नवे माप घेतले आणि ते कंपनीला कळवले, तरी पुढचे खोके जुन्याच मापाने कापून आले. इलिओस्टोमीतून बाहेर पडणारा मल पातळ असतो आणि त्यात पाचकरस असतात. छिद्र मोठे राहिले, तर उघड्या पडलेल्या त्वचेवर तो साचतो आणि कातडी अक्षरशः सोलवटते. मग ओलसर, सोलवटलेल्या त्वचेला पिशवी नीट चिकटत नाही, ती पुन्हा गळते, आणि हे चक्र थांबत नाही.

दुसरी अडचण तिच्या खासगीपणाची. ताई घरी नसताना तिचे खोके शेजाऱ्यांकडे ठेवले गेले, आणि आत काय आहे हे कोणालाही समजावे असा मजकूर त्यावर छापलेला होता. आपल्या आजाराबद्दल कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा तिचा अधिकार अशा रीतीने परस्पर काढून घेतला गेला, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून ताई घराजवळच्या फार्मसीत गेली, तर 'हे सामान आम्ही ठेवत नाही' एवढेच सांगून तिला परत पाठवण्यात आले. मी थोडे वाचन केल्यावर इतके समजले की एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) औषधसेवेसंबंधीचे २०१३ चे नियम येथे लागू होतात, त्यांच्या चौथ्या परिशिष्टात फार्मसींच्या सेवाशर्ती आहेत आणि पाचव्या परिशिष्टात केवळ उपकरणे (यात स्टोमाच्या पिशव्याही येतात) पुरवणाऱ्या कंत्राटदारांच्या. मात्र कायद्याची भाषा इतकी गुंतागुंतीची आहे की तिच्या प्रश्नांची थेट उत्तरे मला त्यातून काढता आली नाहीत. ते प्रश्न असे : फार्मसीला असा नकार देता येतो का? माप कापून देणे ही पुरवठादाराची जबाबदारी आहे का? खोक्याबाबत काही नियम आहे का? आणि पुरवठादार बदलला, तर सवयीची झालेली पिशवीही बदलावी लागते का? ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे किंवा घरात हे अनुभवले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
मी इंग्लंडमध्ये अनेक वर्षे फार्मसीत काम करत आहे, त्यामुळे क्रमाने सांगण्याचा प्रयत्न करतो. औषधांच्या बाबतीत फार्मसीला चिठ्ठीवरचे औषध वाजवी तत्परतेने द्यावेच लागते. उपकरणांच्या बाबतीत मात्र, जी उपकरणे ती आपल्या नेहमीच्या व्यवसायात देते तेवढीच देण्याचे बंधन तिच्यावर असते. म्हणून पिशव्या न ठेवणे नियमबाह्य नाही. पण रुग्णाला नुसते परत पाठवणे चूकच आहे. अशा वेळी रुग्णाची संमती असेल तर ती चिठ्ठी दुसऱ्या फार्मसीकडे किंवा पुरवठादाराकडे पाठवायची, आणि संमती नसेल तर हे सामान देऊ शकणाऱ्या किमान दोन ठिकाणांचा संपर्क, माहीत असल्यास, रुग्णाला द्यायचा, असे नियम सांगतो. हे आपल्या बहिणीने त्या फार्मसीला शांतपणे पण स्पष्ट शब्दांत सांगावे.

मापाप्रमाणे कापून देण्याची सेवा २०१० पासून स्वतंत्र सेवा म्हणून मान्य झालेली आहे. ती देणे ऐच्छिक आहे, परंतु जो ती देतो त्याने रुग्णाच्या मापाप्रमाणे किंवा नमुन्याप्रमाणेच (छिद्राच्या आकाराच्या साच्याप्रमाणे) कापून दिले पाहिजे. माप बदलल्याचे फोनवर सांगून थांबू नये. स्टोमा नर्सकडून नवा नमुना करून घ्यावा, तो तारखेसह लेखी पाठवावा आणि जुना नमुना रद्द केल्याची लेखी पोच मागावी. माझ्या अनुभवात बहुतेक गोंधळ जुना नमुना फाइलमध्ये तसाच राहिल्यामुळे होतो. आणि कातडी सोलवटलेली असेल तर नर्सची भेट लांबवू नका, कारण दोष मापाऐवजी पिशवीच्या प्रकारातही असू शकतो.

खोक्याबाबतचा नियम तर अगदी नि:संदिग्ध आहे. स्टोमा, कॅथेटर, लघवीवरील नियंत्रण जाण्यासंबंधीची साधने इत्यादी ठरावीक उपकरणे घरपोच देताना वेष्टनावर आतील वस्तू सूचित करणारा कोणताही मजकूर किंवा खूण असता कामा नये, पोहोचवण्याच्या पद्धतीवरूनही ते कळता कामा नये, आणि वेळ रुग्णाशी ठरवलेली असली पाहिजे. सोबत टाकाऊ वाइप्स आणि विल्हेवाटीच्या पिशव्या वाजवी प्रमाणात देणे, तसेच गरज पडल्यास प्रशिक्षित नर्स किंवा फार्मासिस्टचा सल्ला उपलब्ध करून देणे, हेही त्याच सेवेत येते. त्या खोक्याचे छायाचित्र असेल तर जपून ठेवा.

प्रतिसाद २
पुरवठादार बदलला तरी पिशवी बदलावी लागत नाही. एनएचएसच्या ड्रग टॅरिफच्या (चिठ्ठीवर देता येणाऱ्या वस्तू आणि त्यांचे दर यांच्या अधिकृत यादीच्या) नवव्या भागात ज्या उपकरणांची नोंद आहे, त्यांपैकी जे चिठ्ठीवर लिहिले असेल तेच द्यायचे असते. एका कंपनीची पिशवी दुसऱ्या पुरवठादाराकडूनही मिळते. माझ्या यजमानांच्या बाबतीत आम्ही हेच केले. इलेक्ट्रॉनिक चिठ्ठीसाठी औषधांची फार्मसी आणि उपकरणांचा पुरवठादार अशी दोन वेगळी नावे नोंदवता येतात, आणि निवड करण्याचा हक्क रुग्णाचा असतो, रुग्णालयाचा किंवा कंपनीचा नाही. भेटवस्तू किंवा बक्षीस देऊन कोणी आपल्याकडे वळवू पाहत असेल, तर तेही नियमांना धरून नाही.

आणखी एक विचारते. ताईंकडे शुल्कमाफीचे प्रमाणपत्र आहे ना? वय ६० च्या आत असेल, तर इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरील प्रत्येक वस्तूला २०२४ पासून ९.९० पौंड पडतात, आणि पिशवी, फवारा, वाइप्स या वेगवेगळ्या वस्तू धरल्या जातात. कायमस्वरूपी स्टोमा असून सतत उपकरण लागत असेल, तर जीपीमार्फत (नोंदणीच्या फॅमिली डॉक्टरमार्फत) एफपी ९२ए अर्ज भरून माफी मिळते. ते प्रमाणपत्र साधारणपणे पाच वर्षांसाठी असते आणि नूतनीकरण लक्षात ठेवून करावे लागते.

धागाकर्ती
दोघांचेही मन:पूर्वक आभार. ताईचे वय ५२ आहे आणि प्रमाणपत्राबद्दल तिला कोणीच सांगितले नव्हते, त्यामुळे ती आतापर्यंत पैसे भरत आली आहे. उद्याच जीपीकडे चौकशी करू. नव्या मापाचा नमुना नर्सकडून घेऊन पुरवठादार बदलण्याचेही तिने ठरवले आहे. फक्त एक शंका उरते. बदलाच्या काळात पिशव्या संपत आल्या आणि चिठ्ठी तयार नसली, तर नवा पुरवठादार आधी सामान पाठवू शकतो का? आणि खोक्याबाबतची तक्रार कोणाकडे करावी?

प्रतिसाद १
चिठ्ठी येण्यापूर्वी पुरवठादाराने आपल्या मनाने सामान पाठवायचे नसते. तातडीच्या प्रसंगी चिठ्ठी लिहिणाऱ्याने स्वतः विनंती केली आणि ७२ तासांच्या आत चिठ्ठी देण्याची हमी दिली, तरच तशी सोय आहे. म्हणून पिशव्या संपेपर्यंत न थांबता पुरेसा साठा हाताशी असतानाच बदल करावा, आणि जुन्या पुरवठादाराकडे चिठ्ठी आधीच गेली आहे का हे जीपीच्या कार्यालयात विचारून घ्यावे. तक्रार थेट पुरवठादाराकडे करता येते किंवा आपल्या भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे (एनएचएसच्या स्थानिक मंडळाकडे). जुलै २०२३ पासून हे काम त्या बोर्डांकडे आले आहे. उत्तराने समाधान झाले नाही तर त्यानंतर लोकपालांकडे जाता येते. तक्रारीत तारीख, खोके कोणाच्या हाती दिले गेले आणि त्यावर नेमका कोणता मजकूर होता, हे सर्व लिहा.