घुबडाचे नाणे: डुप्लिकेट की जुनी नक्कल?

म्हापशेकर:
नमस्कार. आमचे आजोबा तारवटी होते, एडनच्या बाजूच्या बोटींवर. त्यांच्या ट्रंकेत चांदीचे एक जाडजूड नाणे मिळाले. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला घुबड आणि ऑलिव्हची डहाळी. नेटवर अथेन्सचे चार द्राख्मांचे नाणे असेच दिसते. पण आमच्या बाईचा डोळा भलताच मोठा, घुबड अंग चोरून बसलेले, आणि तीन अक्षरांपैकी पहिले आडवे पडलेय. घुबडावर छिन्नीचा खोल घावही आहे. वजन १६.८ ग्रॅम. बाजारात एकाला दाखवले, त्याने हातात घेतल्याबरोबर 'डुप्लिकेट' म्हणून परत केले. आई म्हणते, देवघरात ठेव. जाणकारांनी सांगावे.

फोंड्याचा शेट:
म्हापशेकरबाब, जन्म चांदी ठोकण्यात गेला, नाण्यांचा नाद नंतर लागला. तेव्हा आधी धातूचे बोलतो.

अथेन्सचे अस्सल नाणे १७.२ ग्रॅमच्या आसपास भरते. तुमचे थोडे कमी आहे, पण झीज आणि तो घाव धरला तर चालण्यासारखे. वाकडा डोळा आणि पडलेले अक्षर यावरून लगेच 'डुप्लिकेट' म्हणणारा माणूस घाईचा. अथेन्सच्या घुबडाची नक्कल त्या काळीच ढिगाने झाली, आणि ती करणारे सगळे काही चोर नव्हते. अथेन्सजवळच्या लाव्हरिऑनच्या खाणीतली चांदी आणि अथेन्सचा कस यांवर भूमध्य समुद्राच्या काठचा व्यापारी डोळे मिटून विश्वास ठेवायचा. इजिप्तमध्ये भाडोत्री ग्रीक शिपायांना पगार द्यायचा तर त्यांना ओळखीचे घुबडच हवे. इसवी सनपूर्व ४०४ मध्ये अथेन्स युद्ध हरले, तिकडून येणारा पुरवठा आटला, मग इजिप्त आणि गाझाच्या बाजूला स्थानिक कारागिरांनी ठसे कोरले. ग्रीक लिपी न येणाऱ्याच्या हातून अक्षर आडवे पडणारच. पुढे इराणच्या तिसऱ्या अर्तक्षत्राने इजिप्त जिंकल्यावर तेच घुबड पाडले आणि त्यावर आपले नाव इजिप्तच्या डेमोटिक लिपीत घातले. देवी अथेन्सची, राजा इराणचा, लिपी इजिप्तची!

आता तो घाव. कुणीतरी आत तांबे आहे का ते पाहिले आहे. अशा तपासणीचे घाव पूर्वेकडच्या साठ्यांतल्या नाण्यांवर खूप दिसतात. घावाच्या आत भिंगाने बघा. पांढरे आहे की तांबूस?

पर्वरीची वाचक:
शेटबाब, पण अथेन्सवाले हे चालवून कसे घेत? आपला छाप दुसऱ्याने मारला तर राग येणारच ना?

फोंड्याचा शेट:
बाय, त्याचा कायदाच सापडलाय. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, १९७० साली एक शिलालेख मिळाला, इसवी सनपूर्व ३७५-७४ चा. निकोफोनने मांडलेला कायदा. बाजारात सरकारी पारखी बसायचा, आणि तो गुलाम असायचा. परक्या चांदीवर अथेन्सचाच छाप असेल आणि चांदी चांगली असेल, तर ती आणणाऱ्याला परत द्यायची. जप्ती नाही. आत तांबे किंवा शिसे निघाले तर तिथेच कापायचे आणि देवमातेच्या नावे जमा करायचे. पारख्याने पास केलेले नाणे व्यापाऱ्याने नाकारले तर त्याचा त्या दिवसाचा माल जप्त. पारख्याने कामात कसूर केली तर त्याला ५० फटके. आमच्या धंद्यात फटक्यांचे कलम नाही हे बरे, पण माल जप्तीचे कलम काहींना लावायला हरकत नाही.

दिवाडीकर:
सगळ्या सारख्या नाण्यांना नक्कल म्हणू नये, एवढे जोडतो. कोरिंथ या ग्रीक शहराच्या नाण्यावरचा पंखवाला घोडा घ्या. अम्ब्राकिया, लेव्हकास या तिच्या वसाहतींनी तोच घोडा आणि तीच शिरस्त्राणवाली देवी अथीना उघडपणे घेतली, फक्त घोड्याखालचे अक्षर बदलले. कोरिंथचा कोप्पा, लेव्हकासचा लॅम्डा, अम्ब्राकियाचा अल्फा. वजनही एकच, साधारण ८.६ ग्रॅम, म्हणून एकाचे नाणे दुसरीकडे अडत नसे. याउलट ग्रीसमधल्या लोक्रिसवाल्यांनी सिसिलीतल्या सिराक्यूजच्या नाण्यावरचे, एव्हाइनेटोस या कारागिराने कोरलेले स्त्रीमुख उचलले ते निव्वळ देखणे म्हणून. मागच्या बाजूला मात्र स्वतःचा वीर आयास.

आपल्याकडे १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर पोर्तुगीज गोव्याचा रुपया वजनाने आणि कसाने ब्रिटिश रुपयाइतकाच ठेवला. चेहरा लिस्बनच्या राजाचा, पण हिशेब मुंबईच्या बाजारपेठेचा. मला तर यात कोरिंथच्या वसाहतींचेच डोके दिसते.

म्हापशेकर:
घावाच्या आत पांढरेच दिसते. एडनचा काही संबंध असेल का? तिकडेही असली नाणी होती असे वाचले.

फोंड्याचा शेट:
होती. आजच्या येमेनमध्ये सबा आणि हिम्यरच्या राज्यांनी घुबडे पाडली, काहींवर अथीनाच्या गालावर त्यांच्या लिपीतले अक्षर. पण ती बरीच हलकी असतात. तुमचे १६.८ म्हणजे घराणे वेगळे. आजोबांनी एडनला विकत घेतले असेल, पण नाणे तिथलेच असायला हवे असे नाही.

एक करा. बारीक दोऱ्याने काट्याला टांगून नाणे पाण्यात बुडते ठेवा आणि वजन घ्या. भांड्याला टेकू देऊ नका. चांदी असेल तर सुमारे १.६ ग्रॅम कमी भरेल. आत तांबे असेल तर घट १.९ च्या जवळ जाईल.

म्हापशेकर:
केले. १५.२ आले.

फोंड्याचा शेट:
मग मुलामा नव्हे, आतपर्यंत चांदी. आता उरला एकच प्रश्न: ठोकून पाडलेले की हल्ली साच्यात ओतलेले? ओतलेल्याच्या कडेला शिवण दिसते, पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक भोके असतात. फोटोवर ते कळणार नाही, दुकानी घेऊन या. मंगळवारी बंद असते. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे कायद्याने पुरावस्तू, तेव्हा विकायला बाहेरदेशी पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. आणि आईला सांगा, देवघरात ठेवले तरी चालेल, फक्त चिंच लावून घासू नका.