मदत हवी आहे: डोळ्यांची अ‍ॅलर्जी आणि केराटोकोनस

मुलगा १४ वर्षांचा. लहानपणापासून डोळ्यांची अ‍ॅलर्जी, त्यामुळे सतत डोळे चोळतो. चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर भराभर वाढला म्हणून कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) टोपोग्राफी, म्हणजे आकाराची तपासणी केली, तर केराटोकोनस निघाला, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार. चोळण्याने कॉर्निया कमजोर होऊन पातळ होतो, अ‍ॅलर्जीची सूजही त्यात भर घालते, असं डॉक्टर म्हणाले. आधी अ‍ॅलर्जी आटोक्यात आणायची, मग क्रॉस-लिंकिंग (औषधाचे थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया मजबूत करण्याचा उपचार). त्याने आजार वाढायचा थांबतो, नंबर जात नाही, हे समजलंय.

स्टिरॉइडचे थेंब फार दिवस चालत नाहीत, डोळ्यातला दाब वाढू शकतो. त्याऐवजी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या सूज कमी करणाऱ्या, स्टिरॉइड नसलेल्या औषधांचा कुणाला अनुभव? क्रॉस-लिंकिंगनंतर अ‍ॅलर्जी पुन्हा उसळली तर काय केलंत? आणि झोपेतलं चोळणं कसं थांबवलंत? दिवसा ओरडता तरी येतं!