"दोनच पॅच आहेत, सोपं आहे" – इंदूरहून अलंग-मदन-कुलंगला जावं का?

मालव्यातली

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत राहते, वय 51, शाळेत गणित शिकवते. आमची मराठी इंदुरी आहे, मध्येच कुठे "करून राहिले" आलं तर सांभाळून घ्या.

लेक-जावई पुण्यात असतात. दोघांनी जानेवारीत एका ग्रुपबरोबर नाशिककडच्या अलंग-मदन-कुलंग या तीन किल्ल्यांचा ट्रेक ठरवलाय, तीन दिवसांचा, आणि मला न विचारता माझंही नाव घालून टाकलं. जावई म्हणतात, "आई, दोनच रॉक पॅच आहेत, म्हणजे उभ्या कातळाचे टप्पे. दोर असतो, गाइड असतात, तुम्ही आरामात कराल." माहितीपत्रात लिहिलंय: वॉकिंग, स्क्रॅम्बलिंग आणि थोडं क्लाइंबिंग. चालणं मला कळतं. पुढच्या दोन शब्दांत फरक काय आणि "थोडं" म्हणजे किती, हे कोणी धड सांगेना.

माझा अनुभव: पचमढीचं चौरागड दोनदा, धूपगड पायी. जनापाव तर दर पावसाळ्यात. गिरनार 2019 मध्ये, दत्तशिखरापर्यंत. दम पुरतो, गुडघे अजून बोलत नाहीत.

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षी हरिहर किल्ल्यावर गेले होते, तेही एका ग्रुपबरोबरच (नाव लिहीत नाही). चढताना काही वाटलं नाही. उतरताना त्या उभ्या पायऱ्यांवर खालून माणसांची रांग वर येऊन राहिली होती, वरून आमचे लोक, आणि मी मध्ये. खाली नजर गेली आणि पाय लटलट कापायला लागले. खोबणीत बोटं घालून किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. आमचा लीडर खाली पोचून सगळ्यांचे फोटो काढत होता. शेवटी गावातला ताक विकणारा एक पोरगा वर आला. "मावशी, तोंड कातळाकडं करा. खाली मी बघतो, तुम्ही बघू नका. आता डावा पाय सोडा." असं एकेक पायरी करत त्यानं उतरवलं. हे मी घरी सांगितलेलं नाही. लेकीलासुद्धा नाही.

तर, जाऊ का? आणि गाइडला नेमकं काय विचारायचं असतं?

---

जुना दोर

ताई, मीही इंदूरचाच, लोकमान्य नगरचा. बँकेतून निवृत्त. 1986 मध्ये उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमधून गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला, नंतर बरीच वर्षं डोंगरात घातली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

चालताना हात खिशात राहिले तरी चालतं. स्क्रॅम्बलिंगमध्ये हात लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही, पण दोर सहसा नसतो. क्लाइंबिंगमध्ये दोर असतो, कमरेला हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा पट्टा असतो आणि दुसरं कोणीतरी बिले देत असतं, म्हणजे तुमचा दोर सांभाळत असतं. लोकांना वाटतं भीती शेवटच्या प्रकाराची. माझा अनुभव उलटा आहे. मदनच्या पॅचवर हात सुटला तर तुम्ही दोराला लटकाल, खरचटेल, वरचे हसतील. पण पॅचपर्यंत नेणारी जी आडवी वाट आहे, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला दरी, तिथे बरेच ग्रुप दोर लावतच नाहीत. "चालायचंच तर आहे" म्हणतात. तुमचं हरिहर म्हणजे हेच, दोराशिवायचं स्क्रॅम्बलिंग. तेव्हा "पॅचला दोर आहे का" हे विचारू नका, तो असतोच. "पॅच सोडून आणखी कुठे कुठे दोर लावता" हे विचारा. पुढचा माणूस उत्तर देताना जागांची नावं घेतो की नुसतं हसतो, त्यावरून तो तिथे किती वेळा गेलाय ते कळेल.

आणखी काही. हेल्मेट प्रत्येकाला आहे का? वरच्याच्या पायाखालून सुटलेला मुठीएवढा दगड पुरतो. अँकर, म्हणजे दोर कातळाला बांधायच्या जागा, किती? एकाच बोल्टवर सगळा भार टाकणाऱ्याबरोबर मी जात नाही. दोर कधीचा आहे? नायलॉन उन्हानं मरतो, दिसायला चांगलाच दिसतो. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरताना, दुसरा सुरक्षेचा दोर देतात का? आणि सगळ्यांत शेवटी कोण उतरतं? तुमच्या हरिहरच्या लीडरनं पहिली परीक्षा इथेच नापास केली. उतरताना जाणता माणूस घाबरलेल्याच्या खाली आणि जवळ हवा. त्या ताकवाल्या पोराला कोणी शिकवलं नसेल, पण त्यानं केलं ते अगदी बरोबर.

पाय कापण्याबद्दल: आम्हाला उत्तरकाशीजवळ टेखलाच्या कातळावर पहिल्याच दिवशी उस्तादांनी थोडं वर चढवलं आणि म्हणाले, आता दोन्ही हात सोडा. मी सोडले नाहीत. खालून शिव्या आल्या, मग सोडले. दोर ताणला, मी लोंबकळलो, काही झालं नाही. दोर धरतो हे डोक्याला माहीत असतं, शरीराला त्या दिवशी कळलं. तुमच्या शरीराला ते अजून कळायचंय, आणि ते पॅचखाली वीस माणसं रांगेत उभी असताना कळू नये.

इंदुरात तयारी: कुठल्याही उंच इमारतीचा जिना. पाठीवर सहा लिटर पाण्याच्या बाटल्या घेऊन चढा, गच्चीवर कुंड्यांना पाणी घाला, रिकाम्या बाटल्या घेऊन उतरा. चार आठवडे असंच. त्यानंतर भरल्या बाटल्यांनिशी उतरायचं, कारण उतरणंच मांड्यांना फोडतं. रविवारी देवासची टेकडी. (पायथ्याशी कुमार गंधर्वांचं घर. तिथून जाताना माझी चाल आपोआप विलंबित होते, ते सोडा.)

आणि घरी सांगा. गाइडला तर सांगाच.

---

घोटीकर

मावशी, मी इकडचाच. थोडक्यात सांगतो.

1) ग्रुपात माणसं किती ते विचारा. एका माणसाला पॅचवर सात मिनिटं धरा. वीस जण असले तर 140 मिनिटं झाली, तुम्ही गणिताच्या बाई आहात. शेवटचा वर पोचतो तेव्हा ऊन उतरलेलं असतं. अपघात व्हायला अंधार आणि घाई पुरते, कातळ तोच असतो.

2) अलंग-मदनला मुळात पायऱ्या होत्या. 1818 च्या सुमारास इंग्रजांनी तोडल्या म्हणून आज दोर लागतो. कुलंगला दोर लागत नाही, पण चढ जीव काढतो. तो सोपा म्हणून कोणी सांगितलं तर ऐकू नका.

3) कड्याला आग्या मोहोळ असतं. अत्तर, सेंट, धूर, आरडाओरडा, काही नको. माश्या उठल्या तर दोरावरच्या माणसाला पळता येत नाही.

4) इंदूरहून पुण्याला जाऊन उलटं यायची गरज नाही. तुमची मुंबईची बस आग्रा रोडनं सेंधवा, धुळे, नाशिक करत घोटीवरूनच जाते. पहाटे घोटीला उतरा, पायथ्याच्या आंबेवाडीला इथूनच जातात. जानेवारीत गुहेत थंडी मरणाची, कानटोपी आणा.

हरिहरच्या गर्दीबद्दल बोलत नाही. शनिवार-रविवारी आम्ही पण जात नाही.

---

सावकाश

जुना दोर काकांचं बाकी सगळं मान्य, पण एका मुद्द्यावर वाद घालते. माझं वय 44, ठाण्याची. मलाही दृष्टीभय, म्हणजे उंचावरून खाली बघायची भीती आहे, आणि ते एकदा लोंबकळून गेलं नाही. मुंब्र्याच्या कातळांवर आठ रविवार घातले तेव्हा कुठे हात सोडता आले. त्यामुळे ताई, "दोरावर विश्वास ठेवा" एवढ्यावर जाऊ नका. आधी सरावाचा निदान एक पूर्ण दिवस देणारा ग्रुप शोधा. देत नसतील तर यंदा रतनगड करा. शिड्या आहेत, वर नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक आहे, वाऱ्यात बसायला त्यासारखी जागा नाही. अलंग कुठे पळून जात नाही.

अजून एक. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यात आयोजकांची नोंदणी आहे. प्रमाणपत्र मागायला लाजू नका. मी मागितलं तेव्हा एकानं मला व्हॉट्सॲप ग्रुपमधूनच काढून टाकलं. माझे पैसे वाचले.

आणि जावयांवर रागावू नका. ज्याला उंचीची भीती नाही त्याला ती कळतच नाही, वाईट हेतू नसतो.

---

जुना दोर

सावकाश, आठ रविवार हे माझ्या एका दिवसापेक्षा खरं. मी तेव्हा 24 वर्षांचा होतो आणि खालून शिव्या येत होत्या, हे लक्षात घ्यायला हवं होतं. मागे घेतो.

---

मालव्यातली

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहून राहिले, कारण मध्ये सहामाहीचे पेपर होते.

आधी लेकीला फोनवर हरिहरचं सांगितलं. ती गप्पच झाली. मग म्हणाली, "आई, तू तेव्हा फोटो पाठवला होतास हसतानाचा." तो खाली उतरल्यावर ताक पितानाचा होता.

मग ग्रुपला फोन. माणसं किती? बत्तीस. लीडर? तीन. आडव्या वाटेवर दोर लावता का? "काकू, टेन्शन नका घेऊ." दोर कधीचा आहे? "काकू, टेन्शन नका घेऊ." रॅपलिंगला दुसरा दोर? पुन्हा तेच. वर्गात तीन प्रश्नांना असं एकच उत्तर आलं की मी काय करते ते माझ्या मुलांना माहीत आहे. आम्हा तिघांची नावं काढून घेतली. आगाऊ भरलेल्यातले अर्धेच परत मिळाले.

जावयांनी दुसरा ग्रुप शोधला, बारा जणांचा. त्यांनीच उलट मला प्रश्न विचारले: आधी कुठे घाबरलात, चढताना की उतरताना, तेव्हा काय उपयोगी पडलं? डिसेंबरात ते पुण्याजवळ एक दिवस दोराचा सराव घेतात. तो करून मी ठरवणार. नाही जमलं तर लेक-जावई अलंग-मदन करतील आणि मी त्यांच्या एका माणसाबरोबर फक्त कुलंग. पण घोटीकर, तुमचं वाचून मला आता कुलंगचीच जास्त धास्ती बसली आहे.

जिना रोज सुरू आहे. सोसायटीतल्या कुंड्यांना इतकं पाणी कधी मिळालं नव्हतं, सेक्रेटरी खूश आहेत.

जुना दोर काका, एक विचारायचं होतं. तुमच्याकडे हार्नेस असेल तर तो नुसता बांधायला शिकवाल का? या रविवारी सकाळी सहाला मी देवासच्या टेकडीखाली असेन, निळी ओढणी, पाठीवर सहा बाटल्या. पोहे-जलेबी माझ्याकडून.

---

जुना दोर

येतो. हार्नेस माझा जुना आहे, त्यावर लटकायचं नाही, फक्त पट्टा बकलातून उलटा फिरवून बंद करायला शिकायचं. जलेबी उतरल्यावर.