मदत हवी आहे: मॉडेल रॉकेट वर जायचं सोडून कोलांटी मारतंय

बोरीकाठचा

राम राम मंडळी. अमळनेरहून लिहितोय. शीर्षक वाचून हसू नका, घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण आहे.

पोरगा नववीत. सुट्टीत एका कार्यशाळेतून त्याने मॉडेल रॉकेटचं किट आणलं. पुठ्ठ्याची नळी, नाकाला प्लॅस्टिकचा नोजकोन, बाल्साच्या हलक्या लाकडाचे तीन पंख, प्लॅस्टिकचं पॅराशूट. लांबी ३८ सेंमी, नळीचा व्यास २५ मिमी, मोटर (म्हणजे रॉकेटला ढकलणारी दारूची नळी) बी६-४. मोटरी कार्यशाळेचे सर आणतात, परवाना त्यांच्याकडे, उडवताना हजरही तेच असतात. जागा बोरी नदीचं कोरडं पात्र.

पहिल्या खेपेला रॉकेट उडवायच्या उभ्या गजावरून सुटलं, जेमतेम दोन पुरुष वर गेलं आणि शेपटीकडून वळलं. एक कोलांटी, मग आडवं होऊन सरळ बांधावरच्या कपाशीच्या पराट्यांच्या गंजीकडे. नशीब, अलीकडेच वाळूत आपटलं. क्षणभर गप्प पडून राहिलं, आणि मग 'फट' करून पॅराशूट बाहेर! सगळी पोरं खो खो हसली, आमचं एक सोडून.

दुसऱ्या खेपेला बटण दाबलं, इग्नायटर (मोटर पेटवायची तार) जळाला, थोडा धूर निघाला, मोटर ढिम्म. बटणाचा डबा पोराने स्वतः केलेला, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा. काय झालं बघायला तो लगेच धावला, सरांनी कॉलर धरून मागे ओढला.

सर एवढंच म्हणाले, "सीजी मागे गेलाय, तोल बघा." तीस पोरं होती, त्यांना तरी वेळ कुठे. आता कबुली. बसमध्ये एक पंख मोडला होता, म्हणून मीच तिन्ही पंख बुडाशी एम-सील लावून भक्कम केले. माझं कृषी केंद्र आहे. जी वस्तू पंपाच्या पाइपाला पुरते ती पंखाला पुरणार नाही का, असा माझा हिशोब.

पुढच्या रविवारी सर परत येतायत. मोटर एकच उरलीय. काय करू? आणि पोराचा मित्र म्हणतो, वापरलेल्या मोटरीच्या नळीत फटाक्याची दारू भरू, म्हणजे सराव होईल. हे जमतं का?

धुळ्याची_मास्तरीण

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. मित्राला घरी बोलवून, समोर बसवून सांगा.

मोटरीतली दारू दाबून दाबून दगडासारखी घट्ट केलेली असते. ती एका टोकाकडून थराथराने जळते, म्हणून ढकलते. फटाक्याची दारू सुटी. ती सगळी एकदम पेटते. नळी तीच दिसली तरी तुमच्या हातात मोटर नसते, सुतळी बॉम्ब असतो. वर १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम आहेत. हे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. 'पोरांचं खेळणं हो साहेब' हे तिथे चालत नाही.

आता 'बी६-४' म्हणजे काय ते पोरालाच वाचायला लावा. अक्षर म्हणजे एकूण आवेग, जोर गुणिले वेळ. ए मध्ये जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, बी मध्ये ५, सी मध्ये १०, दरवेळी दुप्पट. ६ म्हणजे सरासरी जोर, न्यूटनमध्ये. ४ म्हणजे मोटर जळून संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट ढकलणारा बार उडेल. त्या बाराला उंची कळत नाही, तो फक्त सेकंद मोजतो. रॉकेट वाळूत पडलेलं असो की ढगात. म्हणून तुमचं पॅराशूट जमिनीवर उघडलं.

रॉकेट वजन करून बघितलंत का?

रिकामी_नळी

मास्तरीणबाई बरोबर. एम-सील वाचूनच कळलं. शेपटीला वजन वाढलं की सीजी मागे सरकतो. सीजी म्हणजे रॉकेट बोटावर जिथे तोललं जातं ती जागा. सीपी म्हणजे वारा ज्या जागी एकवटून ढकलतो ती. सीजी पुढे, सीपी मागे, आणि दोघांत निदान नळीच्या व्यासाएवढं अंतर, हा नियम. उलटं झालं की वारा नोजकोनलाच मागे फिरवतो.

दादा, गोफण येते ना? तीच करायची. रिकाम्या मोटरीत ओली वाळू भरून तिचं वजन १९ ग्रॅमच्या आसपास करा, नव्या बी६-४ चं साधारण तेवढंच भरतं. ती रॉकेटमध्ये बसवा. जिथे तोललं जातं तिथे दोरा बांधा, वर चिकटपट्टी, आणि दोनेक मीटर दोरा सोडून डोक्यावरून गोल फिरवा. नाक पुढे धरून फिरलं तर पास. आडवं किंवा शेपटीकडून फिरलं तर उडवू नका. अंगणात करा, माडीवर नको. आमच्याकडे पाण्याच्या टाकीला पोचा पडलाय.

बोरीकाठचा

केलं. आधी वजन. घरचा काटा मिरच्यांचा, तो काय सांगणार? सराफाकडे गेलो. त्याने रॉकेट दोन बोटांत धरून विचारलं, "मोडीत द्यायचं का?" किटच्या कागदावर मोटरीशिवाय ३५ ग्रॅम लिहिलंय, काट्यावर भरलं ६५. म्हणजे तीस ग्रॅम नुसतं एम-सील!

वाळूची मोटर घालून नाकाच्या टोकापासून २७ सेंमीवर तोललं जातं. कागदावर सीपी २६.५ दाखवलाय. गोफण फिरवली तर मेलं आडवंच घिरट्या घालतंय. आई ओट्यावरून बघत होती, म्हणाली, "ज्वारीवरची पाखरंबी नाही उडनार याच्यानं."

नाकात वजन भरू का?

रिकामी_नळी

हिशोब करू. आता एकूण ८४ ग्रॅम, सीजी २७ वर. हवा २४ वर, म्हणजे सीपीपासून एक व्यास पुढे. नाकात टोकापासून ४ सेंमीवर माती भरली तर साधारण १३ ग्रॅम लागेल. एकूण ९७. बी६-४ साठी ११३ ग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे बसतं.

पण मी असं करणार नाही. आधी शेपटीला धोंडा बांधायचा आणि मग त्याला तोलायला नाकाला दुसरा, यात काय अर्थ? जड रॉकेट गजावरून हळू सुटतं, वर कमी जातं, लवकर खाली वळतं आणि त्याला चार सेकंद फार होतात. पंख काढा, नवे लावा. बाल्साच्या शिरा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवून कापा, नाहीतर पंख बिस्किटासारखा मोडतो. मूळचाही कदाचित म्हणूनच मोडला. फेविकॉलची बारीक रेघ द्या, ओल्या बोटाने कोपऱ्यात फिरवा, वाळली की पुन्हा एकदा. बस्स.

धुळ्याची_मास्तरीण

इग्नायटरचं राहिलं. तो जळाला पण मोटर पेटली नाही, म्हणजे टोक आत दारूला टेकलेलं नव्हतं. आत टेकेपर्यंत सरकवून मग त्याला धरून ठेवणारा प्लग दाबायचा. आणि ती चौकोनी बॅटरी खेळण्यातल्या गाडीच्या रिमोटला ठीक, इग्नायटर एका झटक्यात तापवायला तिच्यात दम नाही. चार पेन्सिल सेल किंवा मोटरसायकलची बारा व्होल्टची बॅटरी घ्या. माणसं निदान पाच मीटर लांब.

मोटर पेटली नाही तर आधी डब्याची किल्ली काढायची, मग पूर्ण एक मिनिट थांबायचं, मग जायचं. पोराला तोंडपाठ करून घ्या.

पॅराशूटखाली किटमधला न पेटणारा कागद घालाच, वर्तमानपत्र नको. घडीवर थोडी टाल्कम पावडर, आपल्याकडच्या उन्हात प्लॅस्टिक चिकटून बसतं. आणि सकाळी सातला उडवा. दुपारच्या वाऱ्यात रॉकेट वाऱ्याकडे झुकतं आणि पॅराशूट उलट दिशेला नेऊन सोडतं, मग शोधा केळीच्या बागेत.

पराटी

भो, पोऱ्याले आवर आन् उडाव बिनधास्त. नदीतच उडवा, शेतात नको. पराटी एकदा पेटली की हाती येत नाही.

बोरीकाठचा

रविवारचा वृत्तांत. नवे पंख पोराने एकट्याने कापले, मला हात लावू दिला नाही. वजन ३७ ग्रॅम, गोफणीत नाक पुढे. डबा आता माझ्या मोटरसायकलच्या बॅटरीवर. उलटी गिनती झाली, 'सूंऽऽ' झालं आणि मान वर करेपर्यंत ठिपका.

मी शंभर मीटर लांब कोनमापकाला दोरा आणि नट बांधून उभा होतो. कोन ५२ अंश, टॅन १.२८, म्हणजे १२८ मीटर आणि वर माझ्या डोळ्याची उंची. पॅराशूट अगदी माथ्यावर उघडलं. पोरगा काही बोलला नाही, नुसता पळत सुटला. या वेळी सरांना विचारून.

उतरलं मात्र काठावरच्या बाभळीवर. रॉकेट शाबूत, पॅराशूटला काट्यांनी सात छिद्रं. सर म्हणतात, लवकर खाली यावं म्हणून मधोमध एक छिद्र मुद्दामच पाडतात. पण ही सात कडेला आहेत. चिकटपट्टीची ठिगळं चालतील की भाजीच्या जाड पिशवीतून नवं कापू?