‘डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर’ला मराठीत काय म्हणाल?

सुपारी:
एका सहकारी बँकेच्या नोकरीच्या जाहिरातीचा अनुवाद करतेय. ‘डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर’चं मी ‘विदागार प्रशासक’ केलं, विदा म्हणजे डेटा. साहेबांनी ‘प्रशासक’वर काट मारली. “बाई, बँकेला प्रशासक हवाय असं पेपरात आलं तर सकाळी ठेवीदारांची रांग लागेल!” खरंच आहे, संचालक मंडळ बरखास्त झालं की येतो तो प्रशासक. मग लिहू काय?

आडकित्ता:
साहेब बरोबर आहेत. मुंबई महापालिकेची मुदत २०२२ साली संपली तेव्हाही प्रशासकच बसला होता. ‘व्यवस्थापक’ करा. ‘विदागार’ मात्र सोडू नका.

जुनाबाजार:
विदा म्हटलं की मला अलविदाच ऐकू येतं. ‘डेटम’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘दिलेलं’. आपलं ‘दत्त’ त्याच कुळातलं. तेच वापरा.

आडकित्ता:
‘दत्त व्यवस्थापक’? मुलाखत नरसोबाच्या वाडीला का?

जुनाबाजार:
हसा. मग ‘फडणीस’ घ्या. फर्द म्हणजे यादी, नवीस म्हणजे लिहिणारा. डेटाबेसमधलं टेबल म्हणजे तरी दुसरं काय?

रात्रपाळी:
सोळा वर्षं हेच काम करतोय. फडणीस नाही चालणार. नोंदी काउंटरवरचे लोक करतात, मी कपाट सांभाळतो. कोणाला किल्ली द्यायची, नोकरी सोडून गेलेल्याची कधी काढायची, कालपर्यंत पळणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आज का रेंगाळतेय, डिस्क कधी भरेल. आणि बॅकअप! आधीच्या कंपनीत तो रोज रात्री ‘यशस्वी’ दाखवायचा. रिस्टोअरची वेळ आली तेव्हा फाइल उघडली तर शून्य केबी. तेव्हापासून दर महिन्याला दुसऱ्या मशीनवर उतरवतो आणि ओळी मोजून बघतो. त्यामुळे ‘दफ्तरदार’ जास्त जवळचा. बाकी ऑफिसात सगळे डीबीएच म्हणतात.

खाडीपलीकडे:
आमच्या कोकणात ह्याला राखणदार म्हणतील. दिसत नाही, पण नारळ द्यायला विसरायचं नाही.

रात्रपाळी:
आमच्याकडे नारळ दिला की माणूस घरी बसतो हो!

आडकित्ता:
दफ्तर पोरांच्या पाठीवर असतं. शिवाय पुन्हा फारसीच?

जुनाबाजार:
पेशवे दफ्तर काय पाठीवर नेत होते? आणि फारसी कसलं, मुळात ग्रीक. ‘डिफ्थेरा’, म्हणजे लिहायचं कातडं.

आडकित्ता:
सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ रुजवलेच ना? वापरलं की रुळतं.

रात्रपाळी:
दिनांक फॉर्मवर रुळला. तोंडात अजून तारीखच आहे.

सुपारी:
अहो, उद्या बारापर्यंत द्यायचंय! सध्या पदाची जागा मोकळी ठेवून पुढचं लिहिलंय, ‘बँकेचा विदा सुरक्षित ठेवणे, वेळोवेळी प्रती काढून तपासणे’.

खाडीपलीकडे:
‘बँकेचा’? मी तर ‘ती विदा’ म्हणतो.

आडकित्ता:
पुल्लिंगी आहे. तो विदा.

खाडीपलीकडे:
कोणी ठरवलं?