‘जैवविघटनशील रोपण’ : पेशंटच्या कागदावर काय लिहायचं?

धरमपेठकर
नमस्कार मंडळी. कॅन्सरच्या पेशंटांना द्यायच्या माहितीपत्रकांचं मराठी करायचं काम हाती आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या लोकांच्या हातात हे कागद पडणार. कोशांच्या आधाराने ‘बायोडिग्रेडेबल इम्प्लांट फॉर टार्गेटेड ड्रग डिलिव्हरी’ याचं मराठी असं झालं: ‘लक्ष्यित औषध वितरणासाठी जैवविघटनशील रोपण’. एकेक शब्द कोशात सापडतो, पण घरी वाचून दाखवलं तर कुणालाच काही कळलं नाही. पत्रकात वस्तू दोन आहेत. मेंदूतली गाठ काढल्यावर त्या पोकळीत ठेवायच्या कारमुस्टिन या केमोच्या औषधाच्या चकत्या, आणि प्रोस्टेटच्या व स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये पोटाच्या कातडीखाली सोडायची गोसेरेलिन या हार्मोनवर काम करणाऱ्या औषधाची कांडी. दोन्हींना एकच शब्द चालेल का? सरळ ‘विरघळणारं’ लिहू का?

महालातली शिक्षिका
सगळ्यात आधी ‘रोपण’ काढा. शब्द शुद्ध आहे, दंतरोपणात रुळलाही आहे. पण धानाची रोवणी पाहत मोठा झालेला भंडाऱ्याचा माणूस ‘रोपण’ वाचेल तेव्हा जे रुजतं आणि वाढतं तेच त्याच्या डोळ्यांपुढे येणार. शरीरात नको ते वाढलं म्हणून दवाखान्यात आलेल्याला हा शब्द देऊ नये असं मला मनापासून वाटतं. ‘प्रत्यारोपण’ तर नकोच, ते किडनीचं.

आता क्रियापद. मीठ पाण्यात विरघळतं, दिसेनासं होतं, पण मीठच राहतं. लुगडं विरतं, म्हणजे धागा न् धागा आतून कमजोर होत जातो. झिजणं बाहेरून होतं. पाणी मातीत जिरतं, सूज जिरते. ही चार क्रियापदं एकमेकांच्या जागी बसत नाहीत. तुमच्या वस्तूचं शरीरात नक्की काय होतं ते कुणी सांगेल का? त्याशिवाय शब्द ठरवणं बरोबर नाही.

दवा बाजार
ताई, तुमचा प्रश्न नेमका आहे, कारण या दोन वस्तू दोन तऱ्हांनी संपतात.

गोसेरेलिनची कांडी लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लांच्या लांब साखळ्यांची केलेली असते. शरीरातलं पाणी कांडीत शिरतं आणि साखळ्या आतबाहेर सगळीकडे तुटू लागतात. तुकडे लहान होत जातात, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन बाहेर पडतात. ऑपरेशननंतर काढावे न लागणारे टाके घालतात, त्यांतले बरेच याच घराण्यातले. ताईंच्या हिशेबाने हे ‘विरणं’.

चकतीचा पदार्थ निराळा, पॉलिअॅनहायड्राइड. तो पाण्याला खोलवर शिरू देत नाही. वरचा थर जातो, मग खालचा, साबणाची वडी जाते तसा. हे ‘झिजणं’, आणि ते मुद्दाम साधलेलं आहे. थर जाईल तेवढंच औषध सुटावं, एकदम सगळं सांडू नये, हा त्यातला विचार. एमआयटीचे रॉबर्ट लँगर आणि जॉन्स हॉपकिन्सचे मेंदूशल्यचिकित्सक हेन्री ब्रेम यांच्या कामातून ही चकती आली, अमेरिकेत तिला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. एका चकतीत ७.७ मिलिग्रॅम कारमुस्टिन असतं आणि पोकळीत जास्तीत जास्त ८ चकत्या ठेवतात. पाणी आणि उष्णता तिला सोसत नाहीत, म्हणून ती उणे २० अंशांवर साठवतात.

‘जैवविघटनशील’ मला दोन्हींसाठी खटकतो. ओल्या कचऱ्याच्या पाटीवर तो बरोबर आहे, तिथे जिवाणू काम करतात. इथे मुख्य काम पाण्याचं. पेशंटने तो शब्द कचऱ्याशी जोडला तर चूक त्याची नाही.

आणखी एक गोष्ट या शब्दांच्या धांदलीत हरवू नये. चकतीतलं औषध साधारण दोन-तीन आठवड्यांत सुटतं, चकतीचे अवशेष मात्र कितीतरी नंतर सापडतात. सात महिन्यांनंतर पुन्हा ऑपरेशन करताना ते दिसल्याच्या नोंदी आहेत. औषध आधी संपतं, ते वाहून नेणारी वस्तू नंतर. ‘चकती विरघळली की औषध संपलं’ असं वाक्य पत्रकात असेल तर ते खोडा.

आता ‘लक्ष्यित’. चकती काहीच शोधत नाही, सर्जन तिला हाताने नेमक्या जागी ठेवतो. रक्तातून दिलेली पुष्कळ औषधं मेंदूपर्यंत पोचतच नाहीत, रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर त्यांना अडवतो. शिरेतून दिलेलं कारमुस्टिन अस्थिमज्जेला आणि फुप्फुसांनाही त्रास देतं. म्हणून औषध गाठीच्या जागीच ठेवायचं. कांडीचं अगदी उलट. ती असते पोटाच्या कातडीखाली, तिथून रक्तात उतरून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर काम करते, मग पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरची वाढ दबते. पहिलीला ‘जागेवर औषध सोडणारी’ म्हणता येईल, दुसरीला नाही. आणि ‘टार्गेटेड थेरपी’ हे नाव पेशंटांनी ट्रास्टुझुमॅब, इमॅटिनिब अशा कॅन्सरच्या औषधांच्या संदर्भात ऐकलेलं असतं. तिथे औषध पेशीवरच्या किंवा पेशीतल्या ठरावीक रेणूला गाठतं. ती भानगड इथे आणू नका.

शिवाय मोठा शब्द मोठी आशा लावतो. मेंदूतली गाठ पुन्हा वाढलेल्या २२२ पेशंटांवर झालेली चकतीची चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट जिथपर्यंत जगले तो काळ) औषधाच्या चकतीने ३१ आठवडे, औषध नसलेल्या चकतीने २३ आठवडे निघालं. ते आठ आठवडे त्या घरासाठी मोलाचे आहेत. ‘लक्ष्यित’ हा शब्द मात्र त्याहून फार जास्त कबूल करून बसतो.

‘औषध वितरण’ही बदला. आमच्या बाजारात वितरण म्हणजे कंपनीकडून दुकानापर्यंत माल पोचवणं.

वॉर्ड सिस्टर
सगळं वाचलं. वॉर्डात पहिला प्रश्न ठरलेला: ‘म्याडम, हे काढाले कवा यावं लागते जी?’ लोकांनी गावात मोडलेल्या पायातली सळई पाहिलेली असते, शेजारच्या खाटेवर केमोचा पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी, पाहिलेला असतो. सळई पुष्कळदा काढतात, पोर्टही काम झालं की काढतात. म्हणून नावाचा घोळ मागे ठेवा आणि पहिल्याच ओळीत ‘ही काढावी लागत नाही’ असं लिहा.

‘जिरते’ हा शब्द आमच्याकडे म्हाताऱ्या माणसालाही कळतो, मला तोच आवडतो. पण जपून. ‘गाठ जिरली’ असं लोक सर्रास म्हणतात. कागदावर नुसतं ‘महिन्याभरात जिरते’ असं आलं तर वाचणारा गाठच जिरते असं समजू शकतो, आणि पुढच्या डोसाला येतच नाही. दर वेळी ‘कांडी जिरते’ असं पूर्ण लिहा, जागा वाचवू नका.

काटोल रोड
सिस्टर, अगदी खरं. आमच्या घरी तिला कुणी कांडीही म्हणत नाही, ‘अठ्ठावीस दिवसांची सुई’ म्हणतो. बाबांना ३.६ मिलिग्रॅमची आहे. १०.८ची घेतात ते ‘तीन महिन्यांची सुई’ म्हणतात, खरं तर ती १२ आठवड्यांची. लोकांनी वस्तूवरून नाही, तारखेवरून नाव ठेवलं, कारण घरच्यांना सांभाळायची असते ती तारीख. पत्रकात ‘कांडी’च्या बाजूला हे नावही येऊ द्या, नाहीतर घरचे ‘आपली तर सुई आहे, हे दुसरंच काहीतरी’ म्हणून कागद बाजूला ठेवतील.

पहिल्या सुईनंतर बाबांची हाडं जास्त दुखली होती. सुरुवातीला हार्मोन उतरण्याआधी काही दिवस चढतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि त्यासाठी गोळ्याही दिल्या होत्या, म्हणून आम्ही घाबरलो नाही. हे पत्रकात असू द्या.

धरमपेठकर
आभार. एक शब्द चालणार नाही हे पटलं. आता मसुदा असा:

‘ही औषधाची बारीक कांडी आहे. काही जण हिला अठ्ठावीस दिवसांची सुई म्हणतात. ती पोटाच्या कातडीखाली सुईने सोडतात. कांडी काढावी लागत नाही, ती तिथेच हळूहळू विरते आणि शरीरात जिरते. विरताना तिच्यातलं औषध थोडं थोडं रक्तात उतरतं. कांडी जिरली म्हणजे आजार संपला असं नाही. पुढची कांडी ठरलेल्या तारखेलाच घ्या.’

चकतीसाठी वेगळा कागद करतोय: ‘गाठ काढलेल्या जागी ठेवलेली, हळूहळू झिजत औषध सोडणारी चकती’. चकतीचं इंग्रजी नाव ‘वेफर’ नको वाटलं, लोकांना बटाट्याचे वेफर्सच आठवतील.

महालातली शिक्षिका
‘विरते’ आणि ‘जिरते’ एकाच वाक्यात आले ते छान झालं. शहरातल्या तरुणांना पहिला अनोळखी वाटेल, दुसऱ्याने अर्थ लागेल. ‘तिथेच’ काढा, ‘तिथेच विरते’ आणि ‘रक्तात उतरतं’ हे वाचताना अडखळायला होतं.

वॉर्ड सिस्टर
तारखेसाठी रिकामी चौकट ठेवा, आम्ही पेनाने भरून देऊ. आणि एक ओळ ठळक अक्षरात हवीच. कांडीची सुई नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा बरीच जाड असते, बेंबीच्या खालच्या बाजूला कातडी चिमटीत धरून देतो. ज्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांना आतून रक्तस्राव होऊ शकतो. ‘रक्त पातळ करायची गोळी घेत असाल तर सुई घेण्याआधी सिस्टरला सांगा.’ हे तारखेच्या चौकटीच्या वरच छापा, खाली टाकलं तर कुणी वाचत नाही.